डीजेवरचं गाणं, पडद्यावरची बाई आणि आपल्या हातातले उपाय

हळदीच्या रात्री मांडवात लागणारी गाणी, परण्याच्या गाडीवरचा एलईडी पडदा, शाळेच्या गॅदरिंगमधला नाच आणि लेकराच्या हातातला मोबाइल. परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, पूर्णा इथले वाचक या चार ठिकाणांबद्दलच फिरून फिरून विचारतात. प्रश्नही साधारण तोच असतो. “गाण्यात बाई अशी दाखवतात की आई-बहिणीसोबत बसवत नाही. हे कायद्यात बसतं का? तक्रार कुणाकडे करायची? की आम्हीच जुन्या विचारांचे?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाईला माणूस म्हणून दाखवा, ही मागणी जुन्या विचारांची मुळीच नाही. मात्र आपला राग नेमका कशावर आहे हे ठरवलं नाही, तर तो भलत्यावरच निघतो, आणि बहुतेक वेळा नाचणारीवरच निघतो. म्हणून आधी आक्षेप नीट ओळखू, मग उपायांकडे जाऊ.

आक्षेप कशावर घ्यायचा?

कमी कपडे, शृंगार, ठुमका, यांतलं काहीही आपोआप आक्षेपार्ह नाही. लावणी तर शृंगाराचीच असते. पण लावणीतली बाई बोलते. ती मागते, रुसते, अडवते, समोरच्याला चार शब्द सुनावते. सुलोचना चव्हाण यांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता आयुष्यभर शृंगाराच्या लावण्या गायल्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या जात्यावरच्या ओव्या १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्यांत बाईचं दुखणं आहे, तिचं एकटेपण आहे, वनवासातली सीता आहे. देह दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे त्या देहाची मालकीण हजर आहे.

आता हल्लीच्या अल्बममधला नेहमीचा शॉट आठवा. गायक गाडीच्या बॉनेटवर बसलेला, अंगात जॅकेट, डोळ्यांवर गॉगल. मागे पाच-सहा मुली. कॅमेरा गायकावर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. मुलींवर येतो तेव्हा कमरेपासून सुरू होतो आणि मांडीवर संपतो. तीन-चार मिनिटांचं गाणं संपतं आणि त्यातल्या एकीचाही चेहरा आपल्या लक्षात राहत नाही. आक्षेप घ्यायचा तो या चित्रणावर.

एखाद्या गाण्याबद्दल मनात शंका आली की स्वतःला एवढंच विचारा:

- कॅमेरा चेहऱ्यावर थांबतो, की शरीराच्या तुकड्यांवर?
- शब्द तिला माणूस म्हणतात, की माल, खाणं, गाडी, बाटली?
- ती नको म्हणते तेव्हा गाणं ते ऐकतं, की तिच्या नकाराचीच मजा घेतं?
- ती शाळकरी मुलगी म्हणून दाखवली आहे का? असेल तर पुढचा विचार करत बसू नका, थेट तक्रारीकडे वळा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाठलाग करणं, वाट अडवणं, ‘नाही’ म्हणजे ‘हो’ समजणं हे पोरं गाण्यांतून पाठ करतात आणि कॉलेजच्या रस्त्यावर करून बघतात. कपड्यांवर वाद घालणाऱ्या घरांत या गोष्टीकडे कुणाचं लक्षच जात नाही.

कायद्याचं लागेल तेवढंच

स्त्रियांचे असभ्य चित्रण (प्रतिबंध) अधिनियम, १९८६. बाईचं शरीर किंवा शरीराचा भाग असभ्य, अवमानकारक रीतीने दाखवणाऱ्या जाहिराती, चित्रं, फिल्म यांना हा कायदा लागतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे. पण सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांना यातून सूट आहे. म्हणजे सिनेमातलं गाणं आणि यूट्यूबवरचा स्वतंत्र अल्बम यांच्या वाटा वेगळ्या. अल्बमकडे असं प्रमाणपत्र नसतं, आणि आपल्याकडे डीजेवर वाजणाऱ्या गाण्यांत असे अल्बम खूप असतात.

माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६७. अश्लील मजकूर इंटरनेटवरून पसरवणं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

भारतीय न्याय संहिता, कलम २९६ आणि ७९. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी ही संहिता आली. कलम २९६ सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणी म्हणून किंवा अश्लील कृत्य करून लोकांना त्रास देण्याबद्दल आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. कलम ७९ बाईच्या लज्जेचा अपमान करणारे शब्द, आवाज, हावभाव यांसाठी आहे. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. एखादं गाणं मुद्दाम एखाद्या मुलीकडे बघून, तिच्याकडे बोट करून लावलं गेलं, तर हे दुसरं कलम लक्षात ठेवा.

केबल टीव्हीचा कार्यक्रम संकेत. बाईला हीन दाखवणारा कार्यक्रम केबलवर दाखवता येत नाही. याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. चिकाटीने इथे फरक पडतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापक प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेमुळेच प्रौढांसाठीचे सिनेमे टीव्हीवर दाखवण्याला २००५-०६ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने चाप लावला.

आता कायद्याच्या मर्यादाही माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका रिसॉर्टमधल्या नाचाबद्दलचा गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचणं, हावभाव करणं एवढ्यावरून कृत्य अश्लील ठरत नाही आणि त्याचा त्रास कुणाला झाला हे दिसलं पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. मला हा निकाल योग्य वाटतो. त्यातून आपल्याला मिळणारा धडा असा की “मुली अर्धवट कपड्यांत नाचत होत्या” एवढंच लिहिलेली तक्रार टिकणार नाही. काय वाजलं, पडद्यावर काय दिसलं, कुणाला काय त्रास झाला, हे लिहावं लागेल.

शिवाय वेळ लागतो. नागपुरात पाचपावली पोलीस ठाण्यात गायक हनी सिंग यांच्यावर अश्लील गाण्यांबद्दल गुन्हा नोंदला गेला २०१५ मध्ये. आवाजाचा नमुना देण्यासाठी त्यांना नागपुरात यावं लागलं २०२२ मध्ये. गुन्हा सिद्ध झाला असं यातून कुणी समजू नये. गाणं कुणी गायलं आणि कुणी टाकलं, एवढं ठरवायलाच वर्षं जातात, हे सांगायचं आहे. म्हणून सुरुवात जवळच्या उपायांपासून करा.

हळद, परण्या, वरात: सगळ्यांत सोपी जागा

इथे पैसे आपले असतात आणि कार्यही आपलं असतं, म्हणून कुणाकडे तक्रार करायची गरजच पडत नाही. डीजेवाला वाजवतो ते यजमान बोलत नाहीत म्हणून. इसार देतानाच पुढच्या गोष्टी कागदावर घ्या, दोघांच्या सह्या करा:

- आपल्या गाण्यांची यादी आपल्या पेनड्राइव्हमध्ये. यादीबाहेरचं गाणं फक्त एकाच ठरलेल्या माणसाच्या परवानगीने.
- एलईडी पडद्यावर गाण्याचे व्हिडिओ दाखवायचे नाहीत. नवरा-नवरीचे फोटो, नावं चालतील.
- माइकवरून बायका-मुलींना उद्देशून शेरेबाजी नाही.
- रात्री दहाला बंद. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाईच आहे.
- उरलेली रक्कम कार्य पार पडल्यावर.

परवानगी देणारा तो ‘एक माणूस’ मामा किंवा थोरला भाऊ असा नेमा, ज्याचं पोरं ऐकतात. नवऱ्या मुलाच्या मित्रांपैकी कुणाला नेमू नका. रात्री नऊनंतर तो स्वतःच नाचत असतो.

मोबाइलचंही आधीच बोलून ठेवा. परण्यासमोर नाचणाऱ्या पुतणीचा, भाचीचा व्हिडिओ कुणीतरी खालून, जवळून काढतो आणि दुसऱ्या दिवशी तो भलत्याच गाण्यावर रील म्हणून फिरतो. अल्बममधला कॅमेरा असा आपल्या मांडवात शिरतो. असं दिसलं तर तिथल्या तिथे त्या मुलाला बाजूला घेऊन थांबवा. तक्रार करायची नसेल तर व्हिडिओ पुसायला लावा, ‘नुकतंच डिलीट केलेलं’ या कप्प्यातूनही. तक्रार करायची असेल तर मात्र काहीच पुसू देऊ नका. तो पुरावा आहे. आणि नाचू नको म्हणून मुलीला मागे ओढू नका. चूक तिची नव्हती.

मिरवणुका आणि गावचे कार्यक्रम

गणपती असो की कुणाची जयंती, मंडळाला पोलीस ठाण्याची परवानगी लागते. सणाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तुमच्या गल्लीतल्या चार-पाच बायकांनी त्या बैठकीच्या आधी लेखी अर्ज द्यावा. मंडळांच्या परवानगीत ‘स्त्रियांचा अवमान करणारी गाणी व चित्रफिती वाजवू-दाखवू नयेत’ अशी अट घालावी, एवढीच मागणी करा. मिरवणूक सुरू झाल्यावर गर्दीत जाऊन डीजे बंद करायला लावण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

गावात ग्रामसभा वापरा. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अनेक गावांत ती नुसती कागदावर होते. ती खरी भरवा आणि तिथला ठराव मोठ्या सभेत न्या. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिव्या देण्यावर बंदी घालून पाचशे रुपये दंडाचा ठराव केला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गावातही सार्वजनिक कार्यक्रमातल्या गाण्यांबद्दल असा ठराव होऊ शकतो. ठरावाची भाषा तेवढी जपा. बंधन आयोजकावर आणि डीजेवर घाला. ‘मुलींनी नाचू नये’, ‘मुलींनी अमुक कपडे घालू नयेत’ असलं एकही वाक्य आत शिरू देऊ नका. असा ठराव मांडताना ते वाक्य घुसवायला कुणी ना कुणी उभं राहतंच.

शाळेचं गॅदरिंग

आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या आयटम साँगवर उभं करायचं, समोर पालकांनी शिट्ट्या वाजवायच्या. यात शाळेचा हेतू वाईट नसतो. नाच बसवणाऱ्याला यूट्यूबवर तयार स्टेप सापडतात, बस. म्हणून भांडायला जाऊ नका, लवकर जा. तालमी सुरू होण्याआधी, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. गाण्यांची यादी समितीने आधी बघावी, असं बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेत सखी सावित्री समिती असेल तर तिलाही सांगा.

पर्यायी गाणीही सोबत न्या, नाहीतर शिक्षक अडतात. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी आहे, ओव्या-भारुडं घरोघरी आहेत, कोळीगीतं आहेत, बंजारा तांड्यावरचे नाच आहेत. पोरांना ठेका हवा असतो आणि तो यांतही भरपूर आहे.

घरातला मोबाइल

मोबाइल हिसकावून घेण्याने काही साधत नाही. शेजारच्याच्या फोनवर तेच दिसतं. त्यापेक्षा:

1. यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद करा. एका गाण्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असं लेकरू ऑटोप्लेमुळेच वाहत जातं.
2. नको त्या व्हिडिओवरचे तीन टिंब दाबून ‘नॉट इंटरेस्टेड’ किंवा ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ निवडा. काही दिवस हे करत राहिलात की समोर येणारी गाणी बदलतात.
3. सेटिंगमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करा. लहान मुलांसाठी वेगळं यूट्यूब किड्स आहे.
4. मोठ्या मुलामुलींसोबत एखादं गाणं आवाज बंद करून बघा. गाणं ऐकू येत नाही तेव्हा कॅमेरा काय करतोय ते लगेच कळतं. मग वर दिलेले प्रश्न त्यांना विचारा आणि त्यांचं ऐकून घ्या.

चौथी गोष्ट मुलांसोबत करा, नुसती मुलींसोबत नव्हे. बहुतेक घरांत ही शिकवणी फक्त मुलीला मिळते, आणि तीही ‘तू जपून राहा’ अशा शब्दांत.

तक्रार कुठे आणि कशी?

यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवरचा व्हिडिओ असेल तर आधी तिथेच ‘रिपोर्ट’ करा. काही झालं नाही तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. असा अधिकारी नेमणं २०२१ च्या नियमांनी सक्तीचं केलं आहे. त्याचा निर्णय पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं, वकिलाशिवाय.

व्हिडिओ तुमचा किंवा तुमच्या मुलीचा असेल, चोरून काढलेला किंवा बनावट केलेला असेल, तर वाट बघू नका. अशा खासगी चित्रणासाठी २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना चोवीस तासांची मुदत घातली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८.

पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जात हे असू द्या:

- तारीख, वेळ, ठिकाण, आयोजकाचं आणि डीजेचं नाव, गाडीचा नंबर.
- ऑनलाइन असेल तर पूर्ण लिंक, चॅनलचं नाव, आणि आक्षेपार्ह दृश्य कितव्या मिनिट-सेकंदाला आहे ते.
- काय दाखवलं, काय म्हटलं, त्याचा तुम्हाला काय त्रास झाला, साध्या शब्दांत.
- साक्षीदारांची नावं, त्यांची तयारी असेल तरच.

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सहीची पोच घ्या. दखलपात्र गुन्हा असून ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानंतरही काही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. याशिवाय दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी जिल्हा पातळीवर महिला लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज आधी देऊन ठेवावा लागतो. राज्य महिला आयोगाकडेही लिहिता येतं.

या चुका टाळा

*“बघा किती घाणेरडं” म्हणून तोच व्हिडिओ ग्रुपवर टाकणं.* यात तुम्हीही प्रसार करता आणि कलम ६७ तुम्हालाही लागू शकतं. व्हिडिओत अल्पवयीन मूल असेल तर तो फोनमध्ये ठेवूसुद्धा नका. कळवल्याविना असं साहित्य साठवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त लिंक लिहून घ्या आणि कळवा.

*नाचणाऱ्या बाईला शिव्या देणं.* गौतमी पाटील यांच्या नाचावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्या कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला आणि तो पसरवला. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पुण्यात गुन्हा नोंदला गेला. नाच आवडो न आवडो, तो व्हिडिओ काढणारा, पुढे ढकलणारा आणि बघणारा यांनी जे केलं ते तिच्या नाचाच्या तराजूत मोजता येत नाही. कलावंत बाईला खासगीपणाचा हक्क तेवढाच आहे जेवढा तुमच्या-माझ्या घरातल्या बाईला.

*स्वतःच कार्यक्रम उधळणं.* तोडफोड केली की गुन्हा तुमच्यावर नोंदला जातो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

*तक्रारीच्या नावाखाली जातीचा, वस्तीचा राग काढणं.* एका मंडळाच्या गाण्यावर आक्षेप आणि दुसऱ्याच्या त्याच गाण्यावर नाच, हे लोकांना दिसतं. तुमच्या आळीपासून सुरुवात केलीत तरच दुसऱ्याला सांगता येईल.

मुलीला अल्बममध्ये काम मिळत असेल तर

परभणी, नांदेड, संभाजीनगरात आता लहान-मोठे अल्बम सतत शूट होतात. मुलगी अभिनय करते म्हणाली तर घरात आकांत करू नका, अटी विचारा. गाणं पूर्ण ऐकवलं आहे का? कपडे आधी दाखवले आहेत का? कोणत्या चॅनलवर येणार, पैसे किती आणि कधी? हे सगळं लेखी हवं. ‘कॅमेरा अँगल बदलला तर मी थांबवू शकते’ आणि ‘एडिट झालेला व्हिडिओ टाकण्याआधी मला दाखवायचा’ ही दोन वाक्यं करारात असावीत. सोबत तिच्या पसंतीचं एक माणूस जावं. ‘ऑडिशन फी’ मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांपेक्षा जास्त सलग काम नाही, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. शूटिंगवर कुणी लगट केली, अश्लील बोललं, तर तो कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या युनिटसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात मिळतो. शूटिंगला निघण्याआधीच तो मुलीच्या फोनमध्ये भरून ठेवा.